११ कोंबड्या, २ कोंबडे – पैदाशीला कुठला ठेवू?

कुडाळकर_परसदार
नमस्कार मंडळी. घरी ११ गावरान कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत, दोघे एकाच रवणीतले भाऊ, १० महिन्यांचे. एक लालबुंद, मोठा तुरा, अडीच किलोच्या वर, बघायला राजा, पण परवा शेजारच्या पोराच्या पोटरीला काटा मारला. दुसरा करडा, हडकुळा, लाल्याला घाबरून फणसाखालीच असतो. आजी म्हणते लाल्या ठेवा नि करड्याला राखणीला (राखणदार देवाला बळी) द्या. एप्रिलच्या शेवटी १३ अंडी बसवली होती, पिल्लं फक्त ४. कोंबडी पिल्लं घेऊन उठली, ९ अंडी तशीच पडलीत. कोंबड्यातच दोष असेल का?

माण_देशी
आधी ती ९ अंडी फोडून बघा राव, टाकू नका. घरापासून लांब जाऊन फोडा, एखादं फुटलं तर आंघोळ करावी लागेल, अनुभवाने सांगतोय 😀 आत नुसता पिवळा बलक असेल, जीव धरल्याची काहीच खूण नसेल तर अंडं फळलेलंच नाही, म्हणजे कोंबड्याकडे बघायचं. रक्ताचं कडं किंवा अर्धवट पिल्लू दिसलं तर कोंबड्याने त्याचं काम केलंय, गडबड नंतरची आहे. पुढच्या वेळी सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघा, शिरा दिसल्या की समजायचं.

रत्नांग्रीची_ताई
माणसावर धावणारा कोंबडा पैदाशीला अजिबात ठेवू नये असं माझं स्पष्ट मत. तो स्वभाव पिल्लांत उतरतो, आमच्याकडे उतरला, सहा नर पिल्लांतले चार तसेच निघाले. वजन-तुरा बघण्यापेक्षा अर्धा तास पायरीवर बसून बघा. चांगला कोंबडा दाणे सापडले की स्वतः खात नाही, कट कट करून कोंबड्यांना बोलावतो, घार दिसली की वेगळाच आवाज काढतो आणि सगळ्या करवंदीच्या जाळीत शिरतात. बाकी पाय सरळ, बोटं वाकडी नकोत, डोळे स्वच्छ, नाकातून पाणी नको. आणि ८-१० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, दोन असले की एक चढला की दुसरा त्याला खाली पाडतो.

फार्म_सुरू_करतोय
सरळ गिरिराज या सुधारित जातीचा नर आणा, वजन डबल मिळेल

माण_देशी
@फार्म_सुरू_करतोय मांसासाठी करायचं तर ठीक आहे, पण तो धटिंगण दीड किलोच्या गावरान कोंबडीवर चढला की पाठीची पिसं जातात, कातडी फाटते. आणि त्या पिल्लातल्या तलंगा (तरण्या कोंबड्या) पुढे खुडूक बसतीलच याचा भरवसा नाही, यांच्याकडे तर मशीन नाही, कोंबडीच अंडी उबवणार ना.

कुडाळकर_परसदार
फोडली, टॉवेल बांधून 🤢 ९ पैकी ३ साफ बलक, ६ मध्ये रक्ताचं कडं नाहीतर मेलेलं बारकं पिल्लू. आईला विचारलं तर कळलं तिने अंडी जमवायला १५-१६ दिवस घेतले, आणि ठेवली कुठे तर चुलीवरच्या फळीवर!! आणि कालपासून बघतोय, लाल्या दाणे एकटाच खातो, करडा बोलावतो पण लाल्या लगेच येऊन त्याला हाकलतो.

माण_देशी
सापडलं मग. एप्रिलचा उन्हाळा त्यात चुलीची ऊब, अंड्यात जीव अर्धवट सुरू होतो आणि मरतो. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, माठाजवळ गार जागी टोपलीत ठेवा. ती तीन साफ निघाली ती मात्र दोघांच्या मारामारीची असतील.

रत्नांग्रीची_ताई
अजून एक, तुमच्या तलंगा पण त्याच घरच्या ना? म्हणजे बहिणीच. करडा या वर्षी चालवा, पण पुढच्या वर्षी त्याच्या लेकींवर तोच नको. लांबच्या वाडीत कोणाशी तरी अदलाबदल करा, आम्ही दरवर्षी करतो, पैसे लागत नाहीत. बाजारातला आणलात तर तीन आठवडे वेगळा डालग्याखाली ठेवा, नाहीतर मानमोडी (राणीखेत रोग) घरात येते आणि मग खुराडंच रिकामं. आणि लाल्या काढल्यावर लगेच अंडी बसवू नका, कोंबडीच्या पोटात त्याचं बी दोन-तीन आठवडे टिकतं, पिल्लं लाल्याचीच निघतील.

कुडाळकर_परसदार
हे माहीतच नव्हतं. ठरलं मग, २२ दिवस थांबून बसवतो, तोपर्यंतची अंडी पोळा-भुर्जी. आजीला सांगितलं लाल्या राखणीला देऊया, तर म्हणाली मग काय, राखणदाराला हडकुळा कोंबडा देणार होतास का, मी कुठे नाही म्हणाले.