विद्यापीठातला 'अँटिगनी'चा प्रयोग सहाजणांनी बघायचाय : आधी किती वाचावं, कुठे बसावं?

प्रश्न (पाचवी रांग)

नाट्यविभागाचे विद्यार्थी 'अँटिगनी' करताहेत. आम्ही सहा मित्रमैत्रिणी जाणार आहोत. दोघांनी नाटक वाचलंय, बाकी चौघांना गोष्टसुद्धा माहीत नाही. पत्रकावर लिहिलंय : कालावधी ८५ मिनिटं, मध्यंतर नाही, प्रयोग सुरू झाल्यावर प्रवेश नाही. मंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक बसणार आणि जागा ठरवून दिलेल्या नाहीत.

या चौघांना आधी किती सांगायचं? बसायचं कुठे? आणि वाचलेल्यांनी नेमकं कशाकडे लक्ष द्यायचं? अभिजात नाटक म्हटलं की नंतर 'छान होतं, पण जड होतं' एवढ्यावर गप्पा संपतात. ते टाळायचंय.

उत्तर १ (संहितावाचक)

सगळ्यात आधी ही अँटिगनी कोणाची ते बघा. ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं मूळ नाटक इसवी सनापूर्वी ४४१च्या आसपासचं. फ्रेंच नाटककार झाँ आनुईचं त्याच नावाचं नाटक १९४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं आणि जर्मन नाटककार ब्रेश्टनं १९४८मध्ये आपली आवृत्ती केली. तिन्हींचं कथानक एकच असलं तरी नाटकं तीन वेगळी आहेत. पात्रयादीत अँटिगनीची दाई दिसली किंवा 'कोरस' (ग्रीक नाटकात एकत्र बोलणारा-गाणारा समूह) म्हणून एकच नट असला, तर आनुई समजा. सुरुवातीला १९४५चं बर्लिन आलं तर ब्रेश्ट. वाचलेले दोघं सोफोक्लीस डोक्यात ठेवून आनुईला बसले, तर अर्धा वेळ 'हे मूळात नाही' असं पुटपुटण्यात जाईल.

पुढचं सोफोक्लीस धरून लिहितोय. न वाचलेल्या चौघांना एवढंच सांगा : इडिपसला चार मुलं : दोन मुलगे आणि अँटिगनी, इस्मिनी या दोन मुली. दोन्ही भाऊ थीब्ज शहराच्या गादीसाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. आता मामा क्रिऑन राजा आहे. शहराच्या बाजूनं लढलेल्या एटिओक्लिसला त्यानं सन्मानानं पुरलंय, शहरावर सैन्य घेऊन आलेल्या पॉलिनायसिसचं प्रेत उघड्यावर टाकलंय, आणि त्याला माती देणाऱ्याला मृत्युदंड आहे. अँटिगनीचं लग्न क्रिऑनच्याच मुलाशी, हायमॉनशी ठरलंय. इथे थांबा. सोफोक्लीसच्या प्रेक्षकांना या घराण्याची कथा ठाऊकच असायची, म्हणून नाटक ती समजावत बसत नाही. नावांचा गोंधळ पहिल्या पाच मिनिटांत होतो आणि मग माणूस हरवतो, म्हणून ही नावं कागदावर लिहून प्रवेशाआधी एकदा फिरवा.

संपूर्ण संहिता आदल्या दिवशी वाचायला लावू नका. घाईत वाचलं की कोरसची पदं कंटाळवाणी वाटतात आणि तोच कंटाळा घेऊन माणूस प्रेक्षागृहात शिरतो. ती पदं ऐकायची आहेत, हालचालीसकट बघायची आहेत.

उशीर अजिबात करू नका. सुमारे १३५० ओळींच्या या नाटकात पहिल्या ९९ ओळी फक्त अँटिगनी आणि इस्मिनी या दोघी बहिणींच्या आहेत. नाटकाचा मुख्य निर्णय, भावाला माती द्यायचा, तिथेच होऊन जातो. ती पाच-सहा मिनिटं हुकली की पुढचं सगळं निव्वळ हट्टासारखं दिसतं.

उत्तर २ (प्रकाशयोजना)

बसण्याबद्दल. तीन बाजूंच्या मंचावर समोरची बाजू सुरक्षित, कारण दिग्दर्शक तालमीत बहुतेक वेळ तिथेच बसलेला असतो आणि रचना त्या कोनातून पक्की होते. बाजूच्या जागांवरून पाठी जास्त दिसतात. नवख्या दिग्दर्शकाकडून हमखास होणारी चूक म्हणजे कोरसला मंचाच्या कडेनं उभं करणं. मग पहिल्या दोन रांगांना मधलं काही दिसत नाही. म्हणून तिसरी ते पाचवी रांग धरा.

दुसरं कारण आवाजाचं. आठ-दहा जण एकत्र बोलले की शब्दांच्या कडा पुसल्या जातात. 'स', 'श', 'च' पुढेमागे पडतात आणि नुसती सळसळ ऐकू येते. अगदी पुढे बसलात तर जवळच्या एकाचाच आवाज कानात भरतो, फार मागे गेलात तर घुमारा त्रास देतो. सज्जाखालच्या जागा तर नकोतच.

अर्धा तास आधी पोचा. सहाजण एका ओळीत बसण्यापेक्षा तीन-तीन असे मागेपुढे बसा. फोन नुसता मूक नको, बंद करा. मनगटावरचं घड्याळ उजळणारं असेल तर काढून ठेवा. या नाटकात काळोखे, शांत क्षण बरेच असतात आणि तीन बाजूंच्या मंचावर तो उजेड समोरच्या प्रेक्षकांना आणि नटांनाही थेट दिसतो.

पहिला प्रयोग शक्यतो टाळा. प्रकाशाचे आणि प्रवेशांचे इशारे त्या दिवशीही जुळत असतात. दुसरा किंवा तिसरा निवडा.

उत्तर ३ (कोरस पंधरा)

बसण्याबाबत थोडं वेगळं मत. वाचलेल्या दोघांनी मुद्दाम बाजूला बसावं. समोरून क्रिऑनचा चेहरा दिसतो. बाजूनं दिसतो तो त्याचं ऐकणारा कोरस, आणि नाटकातला बदल तिथे वाचता येतो. हे थीब्जचे वृद्ध आहेत, क्रिऑननं स्वतः बोलावलेले. सोफोक्लीसच्या काळी ते पंधरा असत, विद्यार्थी-प्रयोगात बहुधा सहा ते दहा. ते आधी राजाला दुजोरा देतात, हायमॉनच्या प्रसंगात दोन्ही बाजूंना शहाणं म्हणतात आणि टायरेसियस हा आंधळा भविष्यवेत्ता निघून गेल्यावर क्रिऑनला सरळ सल्ला देतात. हा प्रवास नटांनी उभा केलाय का, की सगळे एकाच सुरात विलाप करताहेत? माझ्या मते प्रयोग इथेच तरतो किंवा बुडतो.

वाचलेल्यांसाठी आणखी काही जागा :

कोरसचं माणसाबद्दलचं प्रसिद्ध पद ज्या ग्रीक शब्दावर उभं आहे, 'देइनॉन', त्यात अद्भुत आणि भयंकर हे दोन्ही अर्थ आहेत. भाषांतरकाराला बहुतेक वेळा एकच निवडावा लागतो. कोणता निवडलाय ते कान देऊन ऐका.

टायरेसियसनंतर कोरस सांगतो : आधी कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताला माती दे. क्रिऑन आधी प्रेताकडे जातो. दूताच्या निवेदनात हा उलटा क्रम येतो आणि तो पटकन निसटतो. दूत करणारा नट तिथे घाई करत असेल तर शोकांतिकेचा सांधाच ऐकू येत नाही.

युरिडिसीला, म्हणजे राणीला, सगळ्या नाटकात नऊ ओळी आहेत. दूताचं ऐकून ती एक शब्दही न बोलता आत जाते. कच्च्या प्रयोगात तिथे संगीत भरतात. नुसत्या शांततेत तिला जाऊ दिलं असेल तर दिग्दर्शकाला संहिता कळली आहे.

पाचवी रांग

खूप उपयोगी. एक शंका राहिली. आमच्यातल्या वाचलेल्या एकाचं म्हणणं की अँटिगनी गेल्यावर नाटक ढिलं पडतं. हे खरं का?

कोरस पंधरा

अँटिगनी साधारण ९४०व्या ओळीपाशी शेवटची जाते आणि पुन्हा मंचावर येत नाही. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा तिच्याविना आहे आणि तो क्रिऑनचा आहे. ढिलेपणा येतो तो बहुतेक वेळा नटामुळे. क्रिऑन पहिल्या प्रवेशापासून ओरडत असेल तर शेवटी कोसळायला त्याच्याकडे उंचीच उरत नाही. त्याचं पहिलं भाषण समंजस राज्यकर्त्याचं वाटायला हवं. न वाचलेल्या चौघांना तिथे क्षणभर तो पटला, तर नट योग्य वाटेवर आहे.

संहितावाचक

नंतरच्या गप्पांसाठी दोन प्रश्न पुरतात. पहिला : अँटिगनी आणि हायमॉन एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं? सोफोक्लीसनं त्यांना मंचावर एकत्र आणलंच नाही. त्यामुळे हायमॉन बापाशी बोलताना प्रेमाचं नाव न घेता शहर काय म्हणतंय ते सांगतो, याला वेगळं वजन येतं.

दुसरा : मृत्यूकडे जाताना अँटिगनी म्हणते की नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं, कारण ते पुन्हा मिळू शकतात. आईबाप गेल्यावर भाऊ मात्र पुन्हा मिळत नाही. हे बोलणं जर्मन कवी ग्योथेला इतकं खटकलं की ते मागाहून घुसडलेलं निघावं अशी त्याची इच्छा होती. अनेक दिग्दर्शक ते गाळतात. तुमच्या प्रयोगात होतं का, ते आधी न वाचलेल्यांना विचारा. होतं असेल तर त्यांना ऐकताना काय वाटलं, ते वाचलेल्यांनी आपलं मत देण्याआधी बोलून घ्या.