हार्टच्या 'नसा' म्हणजे कुठल्या नसा?

हातमागवाला: अण्णांना अमायलॉयडोसिस (अंगात नको ते प्रोटीन साचायचा आजार) निघालाय, डॉक्टर म्हणाले हार्टच्या नसांवर पण परिणाम झालाय. मी घरात तसंच सांगितलं आणि तेव्हापासून फोनवर फोन, ब्लॉकेज किती टक्के, स्टेंट टाकला का, मामा तर म्हणायलेत लगेच अँजिओप्लास्टी करून घ्या. पण रक्तवाहिन्या साफ आहेत हो त्यांच्या! रिपोर्टात कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी लिहिलंय. मराठीत काय म्हणू म्हणजे लोकांना कळेल?

शब्दवेल: घोळ 'नस' या शब्दातच आहे. इंजेक्शनला नस सापडेना म्हणतो आणि नस दबली म्हणून मुंग्या आल्या असंही म्हणतो, एक रक्ताची आणि दुसरी संवेदनेची. पुस्तकात दुसरीला मज्जातंतू किंवा चेता म्हणतात. ऑटोनॉमिक म्हणजे स्वायत्त, आपल्या इच्छेशिवाय चालणारी. त्यात अनुकंपी ठोके वाढवते, परानुकंपी कमी करते. 'अनुकंपी' मला अजिबात पटत नाही, अनुकंपा म्हणलं की अनुकंपा तत्त्वावरची नोकरीच आठवते, हृदयाचा वेग कोण लक्षात घेणार.

वॉर्डातली ताई: शब्द राहू दे, आधी हे बघा. उभं राहिलं की रक्त पायाकडं उतरतं, तेव्हा या तंतूंनी रक्तवाहिन्या आवळायच्या आणि ठोके वाढवायचे असतात. अमायलॉयड तंतूत साचला की तो निरोप पोचत नाही. झोपून बीपी घ्या, मग उभं करून 3 मिनिटांच्या आत परत घ्या, वरचा 20 नाहीतर खालचा 10 नं उतरला तर उभ्यानं बीपी पडतंय असं धरतात. त्यात ठोके पाहिजे तेवढे वाढले नाहीत तर तंतूंकडंच संशय जातो. आणि पेशंट 'चक्कर' म्हणला की विचारा, घर गरगरतं का डोळ्यापुढं अंधारी येते? दोन्ही वेगळं. बीपीची जुनी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, या आजारात ती झेपेनाशी होते.

हातमागवाला: अंधारीच येते, सकाळी उठताना. आणि अमायलॉयड म्हणजे?

शब्दवेल: स्टार्चसारखा. विर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1854 मधे आयोडीन टाकून बघितलं, रंग स्टार्चसारखा बदलला म्हणून हे नाव दिलं. पाच वर्षांनी कळलं ते प्रोटीन आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हातमागवाला: म्हणजे आपली खळ! अण्णांनी आयुष्यभर सुताला खळ दिली, त्यांना हे एका मिनिटात कळलं, म्हणाले खळ जास्त झाली की सूत कडक होतं तसं का. हार्टच्या स्नायूत साचलं तर तसंच ताठरतं असं डॉक्टर पण म्हणालेवते. बाकीच्यांना आता 'रक्ताची नस नाही, निरोपाची नस' असं सांगायलोय. मामा जरा थांबले, मग म्हणाले, म्हणजे सकाळी उठताना धरायला माणूस पाहिजे का? म्हणलं हो मामा, तेवढंच पाहिजे.