मदत हवी आहे: इको-व्हिलेजमध्ये राहिलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझी भाची पणजीतली चांगली नोकरी सोडून पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला, म्हणजे निसर्ग जपत मिळून राहणाऱ्यांच्या वस्तीत (इको-व्हिलेजमध्ये), राहायला जायचं म्हणते. ताई रोज रडते. मला मात्र पोरीचं म्हणणं समजून घ्यायचंय.

ती म्हणते, "मावशी, समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला तीन वर्षांत कळलं नाही." यावर मी गप्पच झाले. १९६८ मध्ये ऑरोव्हिल सुरू झालं तेव्हा तिथे धूप झालेली उघडी लाल माती होती. राहणाऱ्यांनीच झाडं लावून रान उभं केलं. जमीन कुणा एकाच्या मालकीची नाही. वाचून मलाही ओढ वाटली.

पण एक सलतं. फोंड्याकडे आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पाटाचं पाणी अजून पाळीनं येतं. आपली पाळी संपली की खोऱ्यानं माती ओढायची आणि पाणी शेजाऱ्याच्या माडांकडे वळवायचं, न सांगता. खाजनाचे (खाडीकाठच्या शेतीचे) बांध नि मानशीसुद्धा (खाऱ्या पाण्याला अडवणारी दारं) गावकरीत, म्हणजे जमीन सामाईक सांभाळायच्या गोव्यातल्या जुन्या पद्धतीत, गावानं मिळूनच सांभाळल्या. मग पोरं हेच शोधायला इतक्या लांब का जातात? गावकरीत हक्क गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, मुलग्यांनाच असायचा. बाईला, बाहेरच्याला जागा नव्हती. ते तर कारण नसेल?

वर्षभर तरी अशा ठिकाणी राहिलेल्यांनी कृपया सांगा: पैशांचं कसं जमतं? भांडण झालं तर कोण मिटवतं? आजारपणात कोण धावतं? परत आला असाल, तर का? पावसाआधी निघायचं म्हणते ती, त्यापूर्वी मला ताईशी बोलायचंय.