मदत हवी आहे: भावाला एए मीटिंगला जायचंय, पण गावात कळायला नको

नदीकाठची
विषय नाजूक आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितेय. सातारा जिल्हा, तालुक्याचं गाव, एवढंच सांगते.

मोठा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात राहून नुकताच घरी आलाय. निघताना तिथल्या समुपदेशकांनी बजावलं होतं की घरी गेल्यावर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगा चुकवायच्या नाहीत. दादाचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. तो म्हणतो, "आज मीटिंगला गेलो की उद्या गिऱ्हाईक खिळे घ्यायच्या निमित्ताने चौकशीला येणार." पण संध्याकाळी दुकान बंद करायची वेळ झाली की त्याची चुळबूळ आम्हाला दिसते. शटर ओढतो, परत वर करतो, मोजलेला गल्ला पुन्हा मोजत बसतो. वहिनी तोवर तिथेच स्टुलावर बसून राहते.

मीटिंग नेमकी कुठे भरते हे शोधायचं कसं? नाव-पत्ता लिहून घेतात का? मी सोबत बसले तर चालेल? दादा देव मानत नाही आणि तिथे प्रार्थना असते असं ऐकलंय. शिवाय वहिनीने "न सांगता दारू सोडवा" अशी पावडरची जाहिरात कापून ठेवलीय. त्याचं काय करू?

आजच्यापुरता
ताई, मी एएचाच. आधी पावडरचं बोलतो. असल्या पुड्यांमध्ये काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिरॅम असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळून जिवावरही बेतू शकतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. चोरून आमटीत कालवायची वस्तू नाही ती. कात्रण फाडून टाका.

आता मीटिंग. एए इंडियाच्या वेबसाइटवर शहरवार यादी आणि फोन नंबर असतात. फोन करा, पलीकडे आमच्यातलाच कोणीतरी असतो. दादा ज्या केंद्रात होता तिथेही विचारा, त्यांना आसपासचे ग्रुप माहीत असतात. गावात नको असेल तर शेजारच्या शहरात जायचं. आमच्याकडे निम्मे लोक असेच बाहेरगावचे, एसटीने येणारे. आमच्या गावचे काही जण दुसरीकडे जातात.

नाव लिहून घेत नाहीत. रजिस्टर नाही, फी नाही. पहिलं नाव सांगायचं, तेही खरंच पाहिजे असं नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते, त्यामुळे मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात. कोणीतरी थोडं वाचून दाखवतो, मग एकेक जण उठून म्हणतो, "मी अमुक, मी मद्यपी," आणि आपलं सांगतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. दादाला बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं की झालं. शेवटी एक पिशवी फिरते, चहा आणि भाड्यापुरती. नवख्याने काही टाकायचं नसतं. आणि ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. तो कुठल्या तोंडाने बाहेर सांगणार?

एए आलं कुठून म्हणाल तर १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पिण्यापायी घाईला आलेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. देवाचं म्हणाल तर प्रार्थना होते, एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या आमच्या टप्प्यांमध्ये, देवाचा उल्लेखही आहे, पण "जसा तुम्हाला समजला तसा" असं त्यातच म्हटलंय. आमच्यात एक पक्का नास्तिक आहे, तो म्हणतो माझी वरची शक्ती म्हणजे हा ग्रुप. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहतो. कोणी काही म्हणत नाही.

तुम्ही सोबत बसायचं तर "ओपन" मीटिंग कोणती ते विचारा. "क्लोज्ड"ला फक्त पिणारेच. खरं सांगू? फाटकापर्यंत सोडा आणि मागे फिरा. घरचं माणूस समोर असलं की आम्ही खोटं बोलतो.

डॉक्टरीणबाई
एक भर घालते. दादा पुन्हा रोज पिऊ लागले, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरणं, घाम, झोप उडणं, मग फिट किंवा भास होणं, हे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतं. असं काही दिसलं तर थेट दवाखाना. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन मोफत लागतो. मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस, १४४१६.

वाड्यावरची
वहिनींचं कोणी बोललंच नाही! रोज स्टुलावर पहारा देऊन तीही आजारी पडेल. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं, तिथे पिणाऱ्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलायचं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे. मी सुरुवातीला नवऱ्याच्या तक्रारी करायलाच गेले होते.

नदीकाठची
सगळ्यांचे आभार. आजच्यापुरता यांचं उत्तर दादाला वाचून दाखवलं. बाकांचं ऐकून हसला आणि म्हणाला, शेजारच्या शहरात चालेल, पण गाडी मी चालवणार, कोणी सोबत यायचं नाही. एवढं मान्य केलंय. उद्या फोन करते.

वहिनीला मात्र दुकान आणि मुलांमुळे पुण्याला जाणं जमणार नाही. अल-अनॉनची मराठीतून ऑनलाइन मीटिंग कोणाला माहीत आहे का? दुपारची असेल तर फारच बरं, तेव्हा दुकानात वर्दळ नसते.