मदत हवी आहे: गाणारं घड्याळ गत वाजता वाजता अडकलंय, चावी पूर्ण भरलेली आहे

नमस्कार, बडोद्याहून लिहिते आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या वेळचं टेबलावरचं घड्याळ आहे. वर घड्याळ, खाली लाकडी पेटीत वाजणारं यंत्र. तास झाला की पितळी सिलिंडर फिरतं आणि सहांपैकी एक गत वाजते. परवा चारचे टोले पडले, गत सुरू झाली आणि निम्म्यावर थांबली.

झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. ज्या पोलादी फणीच्या दात्यांतून सूर उमटतात, तिचे दोन दाते सिलिंडरवरच्या पिनांनी उचललेले आहेत, तसेच वाकून अडकलेत. चावी मी आदल्याच रात्री दिली होती, म्हणजे स्प्रिंग भरलेली आहे.

घड्याळजींना घरी बोलावलं. पंखा अडकला असेल, काढून साफ करतो म्हणाले आणि स्क्रूला हात घातला. मी अक्षरशः त्यांचा हात धरला. तो इवलासा पंखाच सिलिंडरचा वेग आवरून धरतो. चावी भरलेली असताना तो निघाला तर सिलिंडर मोकाट सुटतं, आणि काही क्षणांत पिना वाकतात, दाते तुटतात. फणी त्या एकाच सिलिंडरसाठी सुरात लावलेली असते, दुसरी आणून बसवता येत नाही. त्यांना राग आला, पण माझा नाइलाज होता.

तर आधी हे सांगा: स्प्रिंग सुरक्षित कशी उतरवायची? चावी घट्ट धरून, ती उलटी फिरू न देणारी खिट्टी उचलायची आणि थोडी थोडी सैल सोडायची, एवढंच मला माहीत आहे. पण दाते पिनांवर चढलेले असताना हे करावं का? आधी ते मोकळे करायचे तर कसे?

दुसरं म्हणजे, वर्षभरापासून काही सुरांआधी 'चीं' असा बारीक आवाज येतो. कंप पावणाऱ्या दात्याला पुढची पिन लागण्याआधी शांत करणारी केसासारखी तार खाली असते, ती झिजली असावी असा माझा अंदाज. पूर्वी कुणीतरी फणीवर भरपूर तेलही सोडलंय. खर्जाच्या दात्यांखाली वजनासाठी लावलेल्या शिशावर पांढरी भुकटी धरली आहे. कापूस घेतला होता, पण शिशाची भुकटी विषारी असते म्हणून तशीच ठेवली.

अशी यंत्रं स्वतः उघडून दुरुस्त केलेलं कुणी गुजरात-महाराष्ट्रात असेल तर कृपया सांगा. इथल्या विद्यापीठात म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, तिथे विचारलं तर वाट सापडेल का? घड्याळ घेऊन मी कुठेही यायला तयार आहे. पण गत पूर्ण होऊन सिलिंडर थांबलेलं असल्याशिवाय ते हलवायचं नसतं, धक्क्याने पिना मोडतात. म्हणून सध्या ते जागचं हललेलं नाही, पंख्याच्या पात्यात कागदाची घडी अडकवून ठेवली आहे. ती घडी ठेवणं बरोबर आहे ना, एवढं तरी आज कुणी सांगा.