जिमनीला स्किड प्लेट: स्टील घेऊ की ॲल्युमिनियम?

मंडळी, स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची संरक्षक प्लेट) बसवायचीय, मदत हवी आहे. गाडी जिमनी, ५ डोअर, मॅन्युअल, सस्पेन्शन स्टॉक. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे पण भोर-वेल्ह्याकडच्या कच्च्या वाटांवर आणि कोकणात जांभ्यावर खालून घासतेच, ट्रान्स्फर केसखालच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) क्रॉसमेंबरवर, म्हणजे फ्रेमच्या आडव्या पट्टीवर, ओरखडे दिसायला लागलेत.

आधी एका फॅब्रिकेटरकडून इंजिनखाली ३ मिमी एमएसची (साध्या स्टीलची) प्लेट करून घेतली होती, ती ठराविक आरपीएमला नुसती खडखडायची, वर ऑइल ड्रेनला भोकच नाही ठेवलं त्याने, म्हणजे दर सर्व्हिसला अख्खी प्लेट उतरवा, आणि आत चिखल साचून राहायचा तो वेगळाच! काढून टाकली शेवटी.

आता ५ मिमी ॲल्युमिनियम सुचवतायत. हिशोब केला तर चौरस मीटरला ३ मिमी स्टील साधारण साडेतेवीस किलो, हे साडेतेरा. गंजाचं टेन्शन कमी, पण दगडावर स्टील सरकतं आणि ॲल्युमिनियम रुततं म्हणतात. गाडी लिफ्ट (उंच) करायची नाहीये, चॅसीला वेल्डिंग, ड्रिलिंगही नको.

तर ज्यांनी दोन-तीन पावसाळे वापरलंय त्यांनी सांगा, ट्रान्स्फर केस आणि टाकीखाली कुठलं टिकलं, आणि फ्रेमच्या मूळ भोकांवरच बसतं का?