समृद्धी आमण्यात संपला, पुढचं कोण बघणार? आधी ठाण्याची गाठ सोडवा, मग नवे महामार्ग

माजिवडेकर (धागाकर्ता):
नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी संपतो. जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, कसारा घाट टळला, झकास. पण पुढे? वडपे, माणकोली, साकेत पूल, माजिवडा. म्हणजे पुन्हा आपला ठाण्याचा आग्रा रोडच (मुंबई-नाशिक महामार्ग).

हे दुखणं जुनं आहे. पूर्वीचा चार नंबर हायवे मुंबईतून नव्हे, ठाण्यातून सुटायचा: मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, मग पुणे. तीन नंबर नाशिककडून इथेच यायचा आणि त्याला अहमदाबादच्या आठ नंबरशी जोडायला घोडबंदर रोड. (२०१० मध्ये सगळे आकडे बदलले, पण नवे कुणाच्या तोंडी बसलेत?) राज्यभरातले रस्ते येऊन इथे गुंततात, हे माहीत असूनही आता सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची घोषणा. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी अशी रेघ ओढण्याआधी आमची गाठ सोडवा, एवढंच म्हणणं आहे.

घाटवाट्या, डोंबिवली:
असहमत. गाठ सरकारने नाही, सह्याद्रीने मारलीय. देशावरून खाली यायला वाटा मोजक्याच. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही घाटमाथ्यावर आहे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. मग रेल्वेनेही बोर आणि थळ (कसारा) हेच दोन घाट धरले. वरून उतरलेलं सगळं कल्याण ते पनवेल पट्ट्यातच येणार, त्याला इलाज नाही.

माजिवडेकर:
घाटाला इलाज नसेल, खाडीला होता ना? १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला आणि मुंबई-पुणे वाहतूक ठाण्यातून हलली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू. मुंबईकराला अडलं की पूल उभा राहतो. नाशिकहून जेएनपीटीला (उरणजवळच्या बंदराला) जाणारा कंटेनर मात्र अजून मुंब्रा बायपासवरून रांगत जातो. शहरात अवजड गाड्यांना बंदीची वेळ असली की बघा, कडेला ओळीने ट्रेलर, पुढच्या काचेला टॉवेल वाळत टाकलेला, चाकाच्या आडोशाला स्टोव्हवर भात. ही आमची महामार्ग व्यवस्था!

वाशीमकर, मुक्काम खारघर:
दादा, तुमची कोंडी खरी, पण ती सुटेपर्यंत आम्ही थांबायचं का? नागपूर-मुंबईचा जुना रस्ता अमरावती, अकोला, जळगाव, धुळे असा वरून जायचा. वाशीमला शिवतही नव्हता. समृद्धीमुळे पहिल्यांदा जिल्हा मोठ्या रस्त्यावर आला. ठाण्याला रस्ते जास्त झाले म्हणून रडताय, आमच्याकडे नाहीत म्हणून रडायचे.

कोकण्या:
दोघेही नशीबवान. मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे-इंदापूरचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. गणपतीला येऊन बघा.

कळंबोली ट्रान्सपोर्ट:
माजिवडेकर, आमणेच का, हे पाहिलंत का? वडोदऱ्याहून जेएनपीटीकडे येणारा एक्स्प्रेसवे समृद्धीला तिथेच मिळतो. तो पुढे बदलापूरजवळच्या बोगद्यातून पनवेलच्या बाजूला मोरबेला निघतो. म्हणजे नाशिक-नागपूरचा बंदराचा माल साकेत पुलावर यायची गरजच नाही. तुम्ही ज्याला गाठ म्हणता ती नव्या रस्त्यानेच सुटणार. माजिवड्यात रुंदीकरणाला जागा कुठंय? दोन्ही बाजूंना टॉवर.

माजिवडेकर:
मग हा तुकडा आधी करायचा होता आणि समृद्धीची तोंडं नंतर उघडायची होती. नळ लावून झाल्यावर मोरी खणण्याचा प्रकार आहे हा. आणि तो रस्ता बंदराचा माल नेईल, मुंबईत जाणाऱ्या गाड्यांचं काय? त्या माजिवड्यालाच येणार.

वाशीमकर:
नळ आधी आला म्हणून तक्रार करणारा माणूस मी ठाण्यातच पाहिला.

कळंबोली ट्रान्सपोर्ट:
क्रम चुकला हे मान्य. पण म्हणून शक्तिपीठ अडवायचा, हे पटत नाही. त्याला विरोध करायचा तर कोल्हापूरच्या शेतकऱ्यांसारखा जमिनीच्या मुद्द्यावर करा. साकेत पुलाशी त्याचा काय संबंध? तो गोव्याच्या हद्दीला जातो, ठाण्याला येतच नाही.